हिरवा धूर

१२ जून
घरात माणसांना पाय ठेवायला जागा नाही आणि सूनबाईंनी झाड आणलं! मला विचारलं? नाही. खिडकीजवळची माझी खुर्ची उचलली, तिथे उंच स्टूल ठेवलं, स्टुलावर कुंडी. "आई, शतावरीचाच प्रकार आहे, शोभेचा. बघा ना, कशी पिसासारखी पानं!" मी म्हटलं, छान.

कसली पिसं! मला हिरवा धूर दिसला. झाडाचा दोष नाही. जिथे बघावं तिथेच ढग येतो. कडेचं दिसतं — स्टुलाचे पाय, पडद्याची कड. बरोबर मधलं तेवढं पुसलेलं. मार्चपासून असं आहे. वहीबाई, हे तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि तू बोलत नाहीस.

१३ जून
सांगितलं तर काय होईल ते मला पाठ आहे. दोघं सकाळी कामाला जातात, नात दिवसभर माझ्याकडे. दीड वर्षाची आहे. दिसत नाही म्हटलं की पोर पाळणाघरात आणि मी कोपऱ्यात. गॅसला हात लावू नका, आई. जिना उतरू नका, आई. बसून राहा, आई. माझ्या जावेला तिच्या मुलांनी असंच बसवलं. बसली, बसली, आणि मग उठायचंच विसरली.
नको.

१९ जून
आज फजिती. पोर झोपली होती. मान वळवली तर खिडकीत धूर! पडदा पेटला वाटलं. बादलीतून तांब्या भरला आणि दिला फेकून. तेवढ्यात सून दारात, कामावरून लवकर सुटलेली. भिंत ओली, झाड ओलं, मी ओली. म्हटलं, संपलं, आता कळलं हिला.
तर म्हणते, "अगंबाई! आई, तुम्हाला कसं कळलं? नर्सरीवाली म्हणालीच होती, याला पानांवर पाणी लागतं. फक्त एवढं नको हं, फवारा मारायचा." आणि बाटली माझ्याच हातात!
झाले मी माळीण. घ्या.

२ जुलै
धूर हाताला मऊ लागतो. मांजराच्या पोटासारखा. पण आत, देठाला, काटे! बारीक, वाकडे. बोट रक्ताळलं. वरून एवढं नाजूक सोंग आणि आत हे — आवडलं मला.
मातीत बोट खुपसते. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. कडक उन्हात पानं पिवळी पडतात म्हणे. पिवळं मला कसं कळणार? स्टुलाखाली हात फिरवते. सुया पडलेल्या लागल्या की समजायचं, चुकलं काहीतरी.

२४ जुलै
पोरीला वाजणारे बूट आणायला लावले. घरातही घालून ठेवते. लेक वैतागला, "आई, डोकं उठलं गं! घर आहे की उंदरांचं लग्न?" म्हटलं, पोर चालायला शिकतेय, कौतुक करायचं सोडून डोकं काय धरतोस!
डावीकडे चूं-चूं म्हणजे पलंग. उजवीकडे म्हणजे मोरी. आवाज थांबला की माझा श्वास थांबतो.

२५ जुलै
आज दोनदा थांबला. एकदा ती झोपली होती. एकदा नुसती उभी होती माझ्यासमोर, माझ्याकडे बघत. हात लावला तेव्हा कळलं.

१६ ऑगस्ट
सुनेच्या ऑफिसातल्या बायका आल्या होत्या. झाडाचं केवढं कौतुक! "कसं ओघळतंय स्टुलावरून!" "कोण करतं एवढं?" सून म्हणाली, "आमच्या आई. मी हातसुद्धा लावत नाही." एकीने फोटो काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "बघा आजी, कसा आलाय?" मी म्हटलं, "झाड छान आलंय, मी मात्र जाडी दिसते."
सगळ्या खो-खो हसल्या. फोटोत मी नव्हतेच म्हणे!
थट्टा म्हणून खपून गेलं. सून हसली नाही.

९ सप्टेंबर
झाडाला फुलं आलीत. घरात सगळ्यांत आधी मला कळलं. वास आला, कानामागे अत्तर लावावं एवढाच. सून म्हणाली, "इतकी बारीक फुलं तुम्हाला दिसली?" म्हटलं, "मग!"
लबाड म्हातारी.

२८ ऑक्टोबर
"आई, झाडाच्या त्या हिरव्या गोळ्या आता लाल झाल्यात. मण्यांसारख्या."
कुठल्या गोळ्या? मला पत्ता नाही! तरी म्हटलं, "हो, बघितल्या की." मग ती सहज बोलावं तसं बोलली, "नर्सरीवाली म्हणते, मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, उलट्या होतात. तुम्ही घरात असता म्हणून मला घोर नाही. तेवढ्या खुडून टाकाल?"
घोर नाही म्हणे!
खुडल्या. काट्यांतून चाचपून, एकेक. हाताची चाळण झाली. किती राहिल्या ते मला सांगणार कोण? घरंगळून गेल्या असतील तर? लाल रंग मला दिसत नाही, आणि पोरीला पहिला तोच दिसणार.

३ नोव्हेंबर
बूट लहान झाले. सकाळी सुनेने काढून ठेवले. "संध्याकाळी नवे आणते." पोर अनवाणी आहे. मांजरीसारखी फिरते. एका हाताने तिचा फ्रॉक धरलाय, दुसऱ्याने हे लिहितेय. ती ओढतेय. अगं थांब—

४ नोव्हेंबर
काल दूध उतू गेल्याचा वास आला. गॅस बंद करेपर्यंत फ्रॉक सोडला, तेवढाच.
परत आले तर घर चिडीचूप. हाक मारली. पलंग, मोरी, दार — हातांनी सगळं घर चाचपलं. स्टुलाखाली माझ्या पायाला लागली. तोंडाला लाळ, मूठ घट्ट. मूठ उघडली तर आत चिकट, चुरडलेली गोळी. तोंडात बोट घातलं, काही लागलं नाही. म्हणजे खाल्लीच नाही की गिळून झाली? तेवढ्यात माझ्या अंगावर ओकली.
सुनेला फोन केला, पोरीला कमरेवर घेतलं आणि कठड्याला धरून उतरले. कोपऱ्यावरचा डॉक्टर. जिना कधी संपला, मला आठवत नाही.
डॉक्टर विचारतो, "आजी, किती खाल्ल्या? तुम्ही तिथेच होतात ना?"
सून धापा टाकत येऊन पोचली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "डॉक्टर, आमच्या आई डोळ्यांत तेल घालून बसतात. एखादी गेली असेल फार तर. हो ना, आई?"
हो म्हटलं की सुटले. एका अक्षराचं काम.
पण तो एकीचं औषध देईल आणि पोटात मूठभर असतील तर?
म्हटलं, "मला माहीत नाही. एक असेल, दहा असतील. मला दिसलं नाही. समोरचं मला दिसतच नाही, डॉक्टर. आत्ता तुमचंही तोंड दिसत नाही. नुसते कान दिसतायत."
पोर कण्हत होती.
त्याने तिला तिथेच ठेवून घेतलं. आणखी एकदा ओकली. संध्याकाळी बिस्किट मागितलं. धोका टळला, म्हणाला.

७ नोव्हेंबर
सून कामापुरतं बोलते. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एकदाच विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "मार्च." तिने पोरीला उचललं आणि आत गेली.
लेक पाळणाघर बघून आला. झाड कपाटावर चढवलंय, माझा हात पोचत नाही. भरलेली बाटली घेऊन मी रिकाम्या स्टुलासमोर उभी. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. उशीर झाला म्हणाला तर? मधला ढग कडेपर्यंत आला तर? मग चूं-चूंसुद्धा कुठून येतेय ते

१० नोव्हेंबर
आज मी लिहीत नाही. मी सांगतेय आणि सून लिहितेय. त्या दिवशी माझ्या ओळी एकमेकींवर चढल्या. तिने बघितलं, म्हणाली, "आई, हे तुम्हाला तरी वाचता येतं का?" नाही. "मग द्या पेन." दिलं.
मागची पानं उलटायची नाहीत. हे आधी लिही.
उद्या तो डॉक्टर भिंतीवरचा तक्ता दाखवील आणि विचारील, काय दिसतं. तू मध्ये पडायचं नाहीस. "आई तशा ठीक आहेत" म्हणायचं नाहीस. हसतेस काय? लिही. लेकालाही सांगून ठेव. मला विचारलं की उत्तर मी देणार.