आरशावर चिकटवलेला विनोद

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. चौथीनंतर मी कधी पानभर लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर वाकडं येईल. चिमूरकडच्या आपल्या शाळेत माझ्या पाटीवरची चूक तुम्ही पुसत नसायचात. तिच्याखाली रेघ ओढून म्हणायचात, "पाह्य हिच्याकडे." आज तेच करायला बसलो आहे.

घुग्घुसचं माझं सलून तुम्ही पाहिलेलं आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि बाहेर वजनकाट्यावर खोळंबलेले कोळशाचे ट्रक. नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर माझ्याकडे येऊन बसत. रिटायर झाल्यावर तुम्ही एड्सबद्दल सांगत गावोगाव फिरू लागलात. एक दिवस पिशवीतून निरोधचा डबा काढून तुम्ही माझ्या आरशासमोर, पावडरच्या बाजूला ठेवलात. दुकान भरलेलं होतं, मी मान खाली घातली. तुम्ही मात्र पाढे म्हणून घ्यावेत तशा आवाजात बोललात, "एका गिऱ्हाईकाले एक ब्लेड, हे तू शिकला ना? मंग यालेच लाजतो काऊन?" तुम्ही गेलात आणि मी डबा तेलाच्या बाटल्यांमागे सरकवला. फेकला नाही, एवढंच.

तेव्हा एक डंपरवाला यायचा. पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला, हसरा. सुट्टीच्या दिवशी चंद्रपूरला जाऊन इंटरनेटच्या दुकानात बसायचा आणि तिथून विनोदांचे छापील कागद आणायचा. मी साबण फासत असायचो आणि तो वाचून दाखवायचा. त्या विनोदांत सांभाळून वागणारा माणूस हमखास भित्रा निघे, डॉक्टर बावळट असे, आणि आजार व्हायचा तो दुसऱ्याच कोणाला तरी. पोरं वाईट नव्हती, गुरुजी. पण एखाद्या गोष्टीवर रोज हसलं की तिची भीती उरत नाही. मला ते दिसत होतं. तरी त्या हसण्याने दुकान भरलेलं राहायचं, म्हणून तुम्ही आरशावर लावून गेलेल्या एड्सच्या सूचनेच्या कागदावर मी विनोदाचे कागद चिकटवत गेलो.

एकदा त्याला डंपर सोडून मालकाच्या ट्रकवर माल घेऊन लांब, परराज्यात जायचं होतं. गळ्याभोवती कापड बांधलेलं, अर्धी दाढी झालेली. तो हळूच म्हणाला, "काका, गुरुजीचा तो डबा कुठी ठेवला?" मी काय करायला हवं होतं? हात मागे नेऊन दोन पाकिटं त्याच्या खिशात सरकवायची. कोणाला कळलंही नसतं. पण चार माणसं बसलेली होती आणि माझी जीभ वळवळली. मी मोठ्याने म्हणालो, "पाहा रे, आपला वाघ छत्री मागून राह्यला!" दुकान दणाणलं. तो आरशात लाल झाला. "मजाक केला काका," म्हणाला आणि तोंड धुऊन तसाच गेला.

परत आला तो नवा कागद घेऊन. माझं वाक्य त्याने इंटरनेटच्या दुकानात टाइप करवून मित्रांना पाठवलं होतं. कोणीतरी त्याला छत्रीखाली भिजत बसलेल्या वाघाचं चित्र जोडलं, आणि ते फिरत फिरत नागपूरच्या कुण्या ड्रायव्हरकडून त्याच्याकडेच परत आलं. "काका, तुमी तं फेमस झाले!" चौथी शिकलेल्या माणसाचं वाक्य छापून आलं होतं, गुरुजी. मी ते आरशाच्या बरोबर मधोमध लावलं.

त्याच आठवड्यात तुम्ही आलात. चष्मा वर करून कागद अखेरपर्यंत वाचलात. "कोनं लिवलं हे?" मी ब्लेड पुसत म्हणालो, "इंटरनेटवरून आलं जी, कोन लिवते काय मालूम." तुम्ही चष्मा खाली घेत म्हणालात, "लिवनाऱ्याले वाटलं नसंन, का हे वाचून कोनी डब्याकडचा हात मागं घेईन." मग बाटल्यांमागचा डबा तुम्ही स्वतःच शोधलात, पुढे ठेवलात आणि गेलात. त्या थंडीत तुम्ही वारलात. मी मातीला आलो होतो, पण मागेच उभा राहिलो.

पुढे दोन-तीन वर्षं तो डंपरवाला दिसला नाही. मग एका दुपारी आला तेव्हा मी ओळखलंच नाही, इतका वाळला होता. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. खुर्चीत बसून म्हणाला, "काका, माही दाढी झाली का ब्लेड फेकून देजा. नीट कागदात गुंडाळून." मी ब्लेड रोजच फेकतो, हे त्याला माहीत होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत, म्हणाला. मग म्हणाला, "बायकोलेही निंगालं." मी ब्रश खाली ठेवला आणि डोळे पुसले. "तुमी कायले रडता? मीच पाकीट नाई नेलं ना." त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आता डबा समोर असतो. कोणी मागितलं की मी बोलत नाही, नुसता पुढे करतो. पोरं आता मोबाइलवर पाहून हसतात आणि मला धडकी भरते, यातला कोण माझ्यासारखा बोलेल आणि कोण त्याच्यासारखा हात मागे घेईल.

हे पत्र कुठे पाठवणार? ट्रंकेत ठेवीन, चौथीच्या दाखल्याजवळ. तिथेच तो वाघाचा कागदही आहे. त्याच्या बायकोचं कळलं त्याच दुपारी आरशावरून काढला, पण जाळला नाही; माझं छापलेलं तेवढंच आहे. आज सकाळी उघडून वाचला, गुरुजी, आणि मला थोडं हसू आलं.