सात दिसेपर्यंत

२ मार्च

आले! एकदाची आले. खोली मिळाली, खोलीला खिडकी आहे, खिडकीतून तलाव दिसतो आणि दाराची किल्ली फक्त माझ्याकडे आहे. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदाच. दादाच्या घरी माझ्या कपाटाचीसुद्धा किल्ली वहिनीकडे असायची. निघताना दादा म्हणाला होता की तुझ्या रागाला कोणी पगार देत असेल तर जा बाई, पण दीड महिन्यात परत येशील आणि मुकाट्याने दुकानात बसशील. तेव्हा मी पिशवी उचलून चालू लागले. आज मात्र खिडकीत बसून, कोणी हाक मारत नसताना, लागोपाठ दोन कप चहा प्यायले.

नोकरी जलबचाव केंद्रात. तलावात कोणी बुडायला लागलं की होडी घेऊन जायचं आणि त्याला बाहेर काढायचं. मोटरबोट आहे, पण काठच्या पाणवेलीत तिचा पंखा अडकतो, म्हणून वल्ह्यांच्या होड्याही ठेवल्यात. दीड महिना उमेदवारी, मग परीक्षा. रोइंग मशीनवर दोन हजार मीटर, आठ मिनिटांच्या आत. जमलं तर कायम, नाही जमलं तर दादाचं दुकान. म्हणजे जमलंच पाहिजे. उद्या बूट घ्यायला जाते.

४ मार्च

मशीनची ओळख झाली. सरावाची खोली होडीघराच्या मागे आहे, लांबुडकी, रबर आणि घामाच्या वासाची. तिथे एकामागे एक अशी दोन मशीनं. सरकती सीट, पाय अडकवायला पट्टे, ओढायचं हँडल. हँडलची साखळी एका पंख्याला जोडलेली. जितक्या जोरात ओढाल तितका पंखा गरगरतो आणि स्क्रीनवर मीटर आणि मिनिटं उमटतात. दोन्ही मशीनं चाकांवर ठेवून बोल्टने एकमेकांना जोडली आहेत. पुढच्यावर मी ओढलं की मागचंही होडीसारखं मागेपुढे सरकतं. मागच्यावर कोणी बसत नाही. त्याची सीट मोडकी आहे म्हणे.

शिकवणारे गृहस्थ पन्नाशी उलटलेले, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. स्टूल घेऊन समोर बसतात. त्यांचा नियम एकच. वल्हवणारा उलट्या तोंडाने बसतो, होडी कुठे चाललीय ते त्याला दिसत नाही. दिसतं फक्त सुकाणू धरणाऱ्याला. म्हणून ‘बस’ हा शब्द सुकाणूवाल्याचा. तो म्हणेपर्यंत हात थांबवायचे नाहीत, मग तळव्याला फोड येवोत नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येवो. मशीनवर वस्ताद म्हणजेच सुकाणूवाला. आपल्या मनाने थांबला तो नापास. मला नियम पटला. समोर माणूस गटांगळ्या खातोय आणि वल्हवणाऱ्याने विसावा घ्यायचा, हे कसं चालेल?

पहिला वेळ आठ मिनिटं एक्कावन्न सेकंद. उतरले तेव्हा वस्ताद हसत होते.

११ मार्च

आठ छत्तीस! पंधरा सेकंद कमी झाले. श्रेय लंबूला. हा माझ्याबरोबरचा दुसरा उमेदवार, उंटासारखे पाय, पहिल्याच दिवशी सात वीस मारून मोकळा झालेला. तरी तोरा नाही. त्याने सांगितलं की तू हातांनी ओढतेस, सगळी चूक तिथेच आहे. आधी पायांनी रेटायचं, मग पाठ, हात शेवटी. आणि सीट परत पुढे येताना घाई नको, तेवढाच दम खाऊन घ्यायचा. मी सुरुवातीलाच जीव तोडून पळते आणि शेवटच्या पाचशे मीटरमध्ये माझी दांडी गुल होते, हेही त्यानेच दाखवून दिलं.

केंद्रात माझं नाव मिरची पडलंय. पडू दे.

१९ मार्च

आठ बावीस. पण आनंद झाला नाही, कारण वस्तादांचं तोंड. राग आला की माणूस जोर लावतो, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. दादाचं प्रकरण त्यांना कुठून तरी कळलंय. हजार मीटरला मी मंदावले तर म्हणाले, कळवू का दादाला, दुकान झाडून ठेव म्हणून? पुढचे पाचशे मी त्यांचा गळा समजून हँडल ओढलं. पद्धत चालते, हेच तर संतापजनक आहे! वर दोन हजार झाले तरी ‘बस’ म्हणाले नाहीत. मिशीतल्या मिशीत हसत आणखी तीन मिनिटं ओढायला लावलं.

आणखी एक गोष्ट. ओढताना पाठीला वारा लागतो. माझा पंखा माझ्या पुढ्यात आहे. पाठीमागे आहे तो मागच्या मशीनचा पंखा. मशीन सरकतं ते मी ओढते म्हणून, इथवर ठीक. पण पंखा फिरायचा तर त्याची साखळी कोणीतरी ओढायला हवी. लंबूचा काहीतरी चावटपणा असणार. पकडलं की कानच उपटते.

२६ मार्च

आठ नऊ.

आज जेवायला जाताना सहज मागच्या मशीनचा स्क्रीन पाहिला. मोडक्या मशीनचा स्क्रीन चालू कशाला असेल? तिथे आकडा होता, ४१२००. बरोबर एका तासाने परत आले. ५६२००. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. लंबू आणि वस्ताद दोघेही माझ्याच टेबलावर जेवत होते.

तासाला पंधरा हजार मीटर, म्हणजे दोन हजाराला बरोबर आठ मिनिटं. आठच्या आत नाही, आठच. मी तीनदा गणित केलं.

२७ मार्च

लंबूशी भांडले, उगाचच. तो आईशप्पथ म्हणाला की माझा काही संबंध नाही, आणि त्याचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. मग आम्ही दोघांनी पाना आणला, बोल्ट काढले आणि दोन्ही मशीनं एकमेकांपासून हातभर दूर केली. माझ्या मशीनवर कोणीच बसलं नव्हतं.

मागचं तरी हललं. एरवी पुढचं थांबलं की तेही थांबलेलं दिसायचं. सीट पुढे, सीट मागे. साखळी बाहेर, साखळी आत. हँडल हवेत, दोन मुठींत धरल्यासारखं. लंबू भिंतीला टेकला आणि मटकन खाली बसला. मला भीती वाटली, हो. पण त्याआधी राग आला. हे इथल्या कोणाला तरी माहीत होतं आणि तरी मला रोज त्याच्यापुढे पाठ करून बसवलं!

तेवढ्यात वस्ताद आले. आमच्याकडे बघितलंच नाही. गुडघ्यावर बसून गुपचूप बोल्ट परत लावले.

३० मार्च

खोली पुसायला येणाऱ्या मावशींना गाठलं. आधी म्हणाल्या, मला काही ठाऊक नाही. मग बादली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

चार वर्षांपूर्वी माझ्यासारखीच एक मुलगी होती. तीही तापट. परीक्षेत तिची आठ मिनिटं झाली, बरोबर आठ. वस्ताद म्हणाले, आठ म्हणजे आठच्या आत नव्हे, सात दिसेपर्यंत मी ‘बस’ म्हणणार नाही. तिनेही दात-ओठ खाऊन बजावलं की मग मीही थांबणार नाही. वस्तादांना फोन आला, बोलत बोलत ते बाहेर गेले, तसेच जेवायला गेले. विसरले! जिवंत मुलीला विसरले! दीड तासाने मावशी फरशी पुसायला आल्या. पोरगी सीटवर वाकलेली होती, गार. हँडल हातातून सोडवताना बोटं एकेक करून उघडावी लागली. कागदोपत्री तिचं हृदय आधीपासून नाजूक होतं.

आठवड्याभरात तिचं मशीन आपलं आपण चालायला लागलं. दोनदा भंगारात दिलं, दोनदा सकाळी जागेवर होतं. मग वस्तादांनी दुसरं आणून त्याला जोडलं. पुढे कोणी ओढत असलं की मागचं का हलतं, असं कोणी विचारत नाही. एवढ्यासाठी आम्ही त्याच्यापुढे बसायचं. वस्तादांचं पाप झाकायला.

मावशी रडत होत्या. मला रडू येईना. कानशिलं तापली होती.

६ एप्रिल

आठ तीन. आठवड्यावर परीक्षा.

मी मागच्या सीटला म्हणाले, बस. हळू म्हणाले, ओरडून म्हणाले, हात जोडून म्हणाले. नाही थांबली. तो शब्द माझा नाही, ज्याचा आहे तो समोर स्टुलावर शेंगा सोलत बसतो.

लंबू म्हणतो, सोडून जाऊ, दोघंही. तुला जायला घर आहे रे बाबा. मी गेले तर दादा दारात उभा राहून नुसता हसेल. किल्ली परत वहिनीकडे. नाही जायची.

हल्ली तिचा श्वास ऐकू येतो. माझ्या लयीत. मी वेग वाढवला की तीही.

१३ एप्रिल

परीक्षा. सात सत्तावन्न!

सात सत्तावन्न. लंबूने टाळी वाजवली. आणि वस्ताद ‘बस’ म्हणाले नाहीत.

मी ओढत राहिले. नियम आहे ना! ते म्हणाले की मावशींना खोदून खोदून विचारतेस काय, आता कळू दे. दहा मिनिटं. चौदा. मागे पंखा सुसाट. तळव्यांतून रक्त. मला थांबता आलं असतं का? खरं लिहायचं तर मला थांबायचं नव्हतं. मरेन पण तू म्हणेपर्यंत नाही थांबणार, एवढंच डोक्यात होतं. हे माझं होतं की तिचं, आता सांगता येत नाही.

लंबूने हँडल हिसकावून घेतलं.

वस्तादांनी कागदावर लिहिलं, आदेशाविना थांबली. नापास.

१४ एप्रिल, दुपार

सकाळी त्यांच्या खोलीत गेले. ही वही टेबलावर आपटली. तारखा, आकडे, मावशींनी सांगितलेलं सगळं हिच्यात आहे. म्हटलं, वरच्या साहेबांना वाचून दाखवते. नाहीतर खाली चला आणि तिला ‘बस’ म्हणा. एक शब्द. आणि माझ्या कागदावर पासची सही.

त्यांनी वही मिटून ठेवली. म्हणाले, तो शब्द म्हटला तर मीच मारलं असं होईल. मी म्हटलं, मग?

आले. सही नंतर करतो म्हणाले. लंबू होडीवर, मावशी घरी गेलेल्या. आम्ही दोघंच.

ते मागच्या मशीनसमोर उभे राहिले. ओठ हलले, आवाज नाही. मग म्हणाले. बस.

थांबलं. सीट थांबली, साखळी आत गेली, पंखा हळूहळू मंदावला. पायाचे पट्टे सैल झाले, एक, मग दुसरा. मला हुंदका आला. चार वर्षं, बाई, चार वर्षं!

आणि हा माणूस हसला. घाम पुसला आणि हसला! म्हणाला, बघ, लोखंड आहे नुसतं, उगाच डोक्यात घेतलं होतं सगळ्यांनी. दाखवतो तुला. आणि बसला. तिच्या सीटवर. एकदा ओढलं. दोनदा.

पट्टे आवळले गेले. मी पाहिलं. कोणीही हात लावला नाही.

तेव्हापासून ओढतोय.

तासाला पंधरा हजारचा वेग. या वयात. तोंड निळं. हात सुटत नाहीत म्हणतो. म्हणतो, तू म्हण. समोर तू आहेस, तूच म्हण, लवकर म्हण.

मी स्टुलावर बसलेय. त्याच्याच. कधी बसले, आठवत नाही. वही मांडीवर.

वीस मिनिटं.

दोन पावलं पुढे गेलं तर हँडल हिसकावता येईल, काल लंबूने केलं तसं. उठत नाहीये मी. कोणी धरलेलं नाही मला. कोणीच नाही. पाठीला वारा लागतोय, पंखा तर तिकडे—

मागे कोणीतरी उभं आहे. दम खातंय. तिलाही तेच हवंय जे मला—

नाही. मला नोकरी हवीय. सही बाकी आहे. हा मेला तर मी नापासच. दादा—

एकतीस मिनिटं. रडतोय. आई म्हणाला मला.

म्हणणार आहे मी. माणूस आहे मी, म्हणणार. जिभेवर आहे शब्द. फक्त त्याने एकदा, एकदाच, तिचं नाव घ्यावं. त्याला आठवत नाहीये. आठवत नाही म्हणतो! तिचं नावसुद्धा—

छत्तीस.

म्हणते. आत्ता म्हणते. ही एवढी ओळ पुरी झाली की लगेच