जाऊबाईच्या चार खोल्या

आयेस सुगंधाचा नमस्कार. बाळ बरं आहे, पण परवा चाळ बघून आल्यापासून मला झोप नाय. तुझा गुडघा कसा आहे?

माझी जाऊ मृणाली चार खोल्यांचं भाडं बसून खाते, ते मला बघवंना. मग मीच ह्यांच्या मागं लागले, आपण पण कर्ज काढून चाळ घेऊया. बँकेला जामीन हवा, तर दादाला पण मीच तयार केलं.

परवा बघितलेल्या चाळीतली भाडेकरीण म्हणाली, "आता पावसात विहीर भरलीय गो. शिमग्याला आटली की हितं कोण राहत नाय."

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तुलाच मालकीण व्हायचं होतं ना?"

मृणालीचं सुख मला अजून बघवत नाय, खोटं कशाला बोलू? पण वीस तारखेला दादा सही करायला येतोय. त्याला नको म्हणायला मला तोंड नाय. आयेला हे पत्र जो कोण वाचून दाखवील, त्यानं आधी माझ्या दादाला फोन करावा.