मनोगतातला ससा वगळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
जीववैद्यक संशोधन संस्था,
(उन्हाळी विद्यार्थी संशोधन कार्यक्रम)

विषय : भाचीच्या मनोगतातील ससा वगळून तिची निवड कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : आपले निवडपत्र क्र. उविसं/४७/… (पुढील आकडे सशाने खाल्ले आहेत. खुलासा परिच्छेद ४ मध्ये.)

महोदय,

१. अर्जदार ही एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत बावीस वर्षे कामाला आहे. फाटक्या चादरी रफू करणे आणि डॉक्टरांच्या कोटांचे उसवलेले खिसे शिवणे हे तिचे काम. तिची भाची पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून, उन्हाळ्याचे आठ आठवडे आपल्या प्रयोगशाळेत संशोधन शिकण्यासाठी तिची निवड झाल्याचे पत्र गेल्या मंगळवारी आले. भाचीचे वडील, म्हणजे अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे यजमान (यापुढे ‘भावोजी’), यांनी ते पत्र अकरा वेळा मोठ्याने वाचले. पैकी दोन वेळा जिन्यात उभे राहून, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा बेताने. अर्जदाराचेही पाय जमिनीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने सहा उशांच्या खोळी चारही बाजूंनी बंद शिवल्या.

२. बाराव्या वेळी पत्र भाचीने स्वतः वाचले. त्यात एक ओळ होती : ‘आपल्या मनोगतातील सशाचा प्रसंग समितीला विशेष भावला.’ भाचीने मान वर करून विचारले, “मावशी, कुठला ससा?” अर्जदार त्या वेळी सुईत दोरा ओवत होती. तो दोरा अद्याप ओवला गेलेला नाही.

३. वस्तुस्थिती अशी की, मनोगत हाताने लिहायचे होते आणि भाचीचा उजवा हात मनगटात मोडून प्लास्टरमध्ये होता. हात दुखावला असल्यास दुसऱ्याकडून लिहून घ्यावे, अशी आपल्या पत्रकातच मुभा आहे. भाचीने चार ओळी सांगितल्या, तळाशी डाव्या हाताने सही केली आणि ती प्लास्टर दाखवायला गेली. मागे उरली अर्जदार आणि सव्वीस कोऱ्या ओळी. महोदय, अर्जदाराला लहानपणापासून देवाची कथा गाऊन सांगणाऱ्या बुवांचा नाद. बुवा एक ओळ गातात आणि ती मनात उतरावी म्हणून तिच्यापाठी एक गोष्ट सांगतात. गोष्टीवाचून ओळ म्हणजे कॉलरवाचून सदरा, अशी अर्जदाराची पक्की समजूत आहे. तेव्हा ‘मला सजीवांबद्दल कुतूहल वाटते’ या ओळीपाठी तिने एकच, अगदी छोटा ससा घातला. तो आजारी पडला. सात वर्षांची भाची दिवसभर त्याच्या छातीला कान लावून ठोके मोजत बसली. संध्याकाळी सशाने डोळे उघडले. तोवर चोवीस ओळी भरल्या होत्या आणि अर्जदाराच्या स्वतःच्या डोळ्यांना धार लागली होती. उरलेल्या दोन ओळींत सशाने कृतज्ञता व्यक्त केली. अर्ज त्याच दिवशी पोचवायचा असल्याने भाचीला वाचून दाखवायचे राहिले. राहिले म्हणजे अर्जदाराने राहू दिले, हेही नमूद करणे भाग आहे.

४. आमच्या घरात ससा कधीही नव्हता. ‘सशाच्या जोरावर मी जाणार नाही, दुसऱ्या कुणाची तरी जागा आहे ती,’ असे भाची म्हणते. नकाराचे पत्र तिने लिहायलाही घेतले, पण डाव्या हाताचा वेग पाहता ते अजून ‘महोदय’पर्यंतच आले आहे. भावोजींनी परोपरीने समजावले : “अगं, ससा काय, हत्ती काय! तू जा की!” ती बधत नाही असे पाहून ते शनिवारी बाहेर गेले आणि एक जिवंत ससा घेऊन आले. त्यांचे म्हणणे असे की, आता घरात ससा आहे, म्हणजे अर्धे मनोगत खरे झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याने आजारी पडावे. ससा ठणठणीत आहे. रविवारी त्याने आपल्या निवडपत्राचा कोपरा खाल्ला, तरीही ठणठणीत आहे. भाचीने त्याच्या छातीला कान लावला नाही. त्याने किती कागद खाल्ला, हे मात्र तिने लगेच अर्जदाराच्या टेपने मोजले.

५. आता खरे काय ते. सात वर्षांची असताना भाचीने भावोजींच्या एका बुटात ओला पाव आणि दुसऱ्यात कोरडा पाव ठेवला, आणि कोणत्या बुटात बुरशी लवकर येते ते नऊ दिवस रोज मोजून भिंतीवर लिहिले. नवव्या दिवशी भावोजींना लग्नाला जायचे होते. पुढचे सांगत नाही. असली घाण मनोगतात शोभायची नाही म्हणून अर्जदाराने ती गाळली. तसेच, कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या गालाच्या पेशी पाहून ती घरी पळत आली आणि म्हणाली, “मावशी, तुझी ठिगळं आहेत गं नुसती! आणि प्रत्येकाला मधोमध एकेक बटण!” हेही अर्जदाराने गाळले, कारण त्यात रडू येत नव्हते.

६. तरी विनंती की,
(अ) मनोगतातील ससा, त्याचा आजार व कृतज्ञता रद्द समजावी.
(ब) भाचीच्या मूळ चार ओळी सोबत जोडल्या आहेत. त्यांवर समितीने पुन्हा विचार करावा. जागा निश्चित करण्याची मुदत आठ तारखेला संपते. तोपर्यंत नकार न धाडण्याचे भाचीने कबूल केले आहे.
(क) त्या ओळी कमी पडल्या, तर जागा ज्या मुलाची वा मुलीची असेल त्यांना द्यावी. देवाच्या दारातली रांग खोट्याने मोडू नये, हे बुवांकडून ऐकून अर्जदार आयुष्यभर माना डोलावत आली. मोडली तीही तिनेच.
(ड) शिक्षा द्यायची तर अर्जदाराला द्यावी. यापुढे कोणाचेही मनोगत लिहिण्यास तिला आजन्म बंदी घातल्यास तिची हरकत नाही. घरच्यांनी ती आधीच घातली आहे.

भाचीच्या चार ओळी अर्जदाराने पुन्हा वाचल्या. शेवटची अशी आहे : ‘एखादी गोष्ट अशी का होते ते कळले नाही, तर मला चैन पडत नाही, म्हणून मला यायचे आहे.’ यापाठी एखादी गोष्ट हवी होती, असे अर्जदाराला अजूनही वाटते. पण तिने पेन बाजूला ठेवले आहे.

चुकलेली पण आपली नम्र,
(सही)
शिवणखोलीतील मावशी
दिनांक : ३ मे

सोबत :
१. मूळ चार ओळी, भाचीने आता डाव्या हाताने पुन्हा लिहून दिलेल्या.
२. निवडपत्र, एक कोपरा कमी.
३. भाचीच्या मापाचा पांढरा कोट, एक. निवड कायम राहिल्यास तो तिच्या खुंटीला लावावा, न राहिल्यास परत पाठवावा. शिवण अर्जदाराची. बटणे भाचीने डाव्या हाताने लावली आहेत, पाचही वाकडी. अर्जदाराने त्यांतले एकही सरळ केलेले नाही.