मनुकांचं पाणी

घोडेगाव, ११ एप्रिल १९४६
आज एकोणीस पुरी. आईनं प्रार्थना केली आणि ‘आमेन’ म्हणून माझ्या तोंडाचा वास घेतला. वाढदिवसाची भेट! आजा ह्याच वयात बाटलीला लागला, बापही. बाप त्यातच गेला. दादा तर अठरालाच. आता माझी पाळी, असं तिचं गणित. “रगत हाय बाबा, त्याला तुजी मास्तरकी कळत न्हाई.”
अजून थेंबालाही शिवलेलो नाही.

१३ एप्रिल
संगमनेरहून शांताचे वडील आले. बाजारात बैल पारखावा तशी वंशाची चौकशी. “खाण तशी माती, मास्तर. एकविसापर्यंत कोरडे राहिलात तर पोरगी देतो.” संताप आला. पण त्यांचं चुकलं काय?

१८ एप्रिल
आमच्या देवळात प्रभुभोजनाच्या प्याल्यात दारू चालत नाही. मनुका भिजवून, कुस्करून पाणी काढायचं. ते काम माझं. आज मडकं भरलं आणि पाळकसाहेब तापानं पडले. भोजन आता ईस्टरला. मडकं झाकून ठेवलं. ऊन मरणाचं.

२१ एप्रिल, ईस्टर
मडक्यावर फेस. आंबलं का बघावं म्हणून चमचाभर घेतलं. मग वाटीभर. मग
मडकं रिकामं. पाळकसाहेबांना सांगितलं, नासलं, ओतलं. गुळाच्या पाण्यावर भोजन झालं. मी पुढं होऊन तेही घेतलं. लाज वाटते. आणि इतकं बरं जन्मात कधी वाटलं नव्हतं, हेही खरं. प्रभू, हे कुणाला सांगू?

२२ एप्रिल
दादाला सांगितलं. वाटलं, हसेल. रडला. “लोक पित्यात, तोंड वाकडं करत्यात. आपल्याला मातर घरी आल्यावानी वाटतं. तुला बी तसंच झालं?”
व्हय म्हटलं.

२७ एप्रिल
शांताचं पत्र. “बाबांना म्हटलं, मास्तरांची जामीन मी.” तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं.

२९ एप्रिल
पाळकसाहेबांना म्हटलं, मनुकांचं काम दुसऱ्याला द्या. “का रे? तुझ्याइतका भरवशाचा कोण आहे?” मनुकांचं पुडकं त्यांनी हातात दिलं. घेऊन घरी आलो.

१ मे, बुध.
भोजन रविवारी. शनिवारी भिजवल्या तरी पुरे.
आजच भिजत घातल्या. आई दारात उभी. “येवढ्या लवकर?”
मडक्यावर झाकण ठेवलं. ती तिथंच उभी आहे.