सासूबाईंची लाल रेघ

प्रिय भुंग्या,

तू बसवून दिलेल्या सासूबाईंशी माझं चांगलंच बिनसलं होतं. सासूबाई म्हणजे आपलं ते कोड तपासणारं टूल. कंस राहिला की लाल रेघ, नाव चुकलं की लाल रेघ. माझ्या खऱ्या सासूनेसुद्धा माझ्या इतक्या चुका काढल्या नाहीत रे! तरी जीव आहे माझा त्यांच्यावर. वाचनालयाचा हा प्रोग्राम इतकी वर्षं त्यांच्याच धाकाने नीट चालला.

मध्यंतरी त्यांनी एकच पालुपद लावलं, हे फंक्शन आधीच लिहिलेलं आहे. मी म्हटलं, बाईंचं डोकं फिरलं. मग तू शिकवलेलं सगळं केलं. एडिटर बंद करून उघडला, नवी आवृत्ती घेतली, सेटिंगची फाइल भलत्याच फोल्डरमधली तर वाचत नाहीत ना तेही पाहिलं. मागे तुझी तशी फजिती झाली होती आणि दिवसभर तू मला फोनवर पिडलं होतंस. शेवटी टूल काढून पुन्हा बसवलं. रेघ जागच्या जागी! वैतागून मी तो नियमच बंद केला आणि चहा प्यायला गेले.

परवा बाजूच्या टेबलावरची बडबडी माझा कोड वाचायला बसली आणि वाचता वाचता गप्प झाली. ती गप्प बसली म्हणून मी घाबरले. चष्मा लावून पाहिलं. वाचकांना पुस्तक परत करायची आठवण पाठवणारं फंक्शन, माझ्याच हातचं, एकाखाली एक पाच वेळा लिहिलेलं. प्रत्येकाच्या वर माझीच टीप, ‘हे राहून गेलं होतं.’

भुंग्या, त्यातलं एकही लिहिल्याचं मला आठवत नाही. घरी दूध करपलं तेव्हाही मी शेगडीलाच बोल लावला होता. काल डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, हे आता हळूहळू वाढत जाणार. बाहेर बाकावर बसून मी खूप रडले.

तो नियम मी पुन्हा चालू केलाय आणि काम बडबडीकडे सोपवलंय. आता तू ये. सुट्टी मिळाली की नको, आत्ताच ये. दारात उभा राहिलास की कोण आलंय ते मला कळतंय, तोवर ये. आणि हेच पत्र तुला आधीही आलं असेल, तर तसं मला सांगू नकोस.

तुझीच,
आई