आमसुलाने घासलेले प्लग

रत्नागिरी, मार्गशीर्ष, बुधवार, १९३४

विष्णूने फसवलं. दहा वर्षं माझ्या मोटारीचं इंजिन ज्याच्या हाती निर्धास्त सोपवलं, त्याने!

सकाळी ताप आल्याचा त्याचा निरोप आला, म्हणून एकटाच उतारू घेऊन निघालो. हातखंब्याच्या चढावर मोटार धापा टाकू लागली. परवाच तर त्याने मुंबईहून आलेले नवे प्लग बसवले होते. उतरून ते काढून पाहिले. चकचकीत होते, पण प्रत्येकाच्या मानेवर कानशीच्या खुणा. एक, दोन, तीन, चार. कुठला प्लग कुठे बसतो ते कळावं म्हणून त्या मीच पाडतो. म्हणजे माझेच जुने, आमसुलाने घासून परत बसवलेले! त्या खुणा त्याला दिसल्या नाहीत? की मी बघणारच नाही, एवढी खात्री होती?

तेवढ्यात दामूची मोटार, परवापर्यंत माझ्या मागे रखडणारी, उतारूंनी भरलेली असूनही सरसर वर गेली. दामूच्या शेजारी विष्णू. मला बघून त्याने तोंड फिरवलं.

नवे प्लग दामूच्या मोटारीत गेले तर गेले. पण परवा बॉनेट मिटल्यावर कुंकू लावायला मी त्यालाच पुढे केलं होतं. "नको दादा, तुमच्याच हातान लावा," म्हणाला.

मला वाटलं, केवढा मान देतोय.